घरगुती साबणाचा धंदा : वाळवणीचा हिशेब

कोकणातील आमच्या पुष्कळ वाचकांची मुलेबाळे गिरगाव, दादर, परळ येथे राहतात व गावच्या घाण्याचे खोबरेल त्यांच्या घरी जात असते. त्या तेलाचा साबण हौसेने करणाऱ्या काही भगिनी आता तो विकू पाहतात. मुंबईस ही कल्पना नवी नव्हे. 1897 साली लालबागेत कुलुपांचा धंदा काढणारे अर्देशीर गोदरेज यांनी 1918 च्या सुमारास प्राण्यांच्या चरबीवाचून, केवळ वनस्पतींच्या तेलाचा साबण बाजारात आणिला. मात्र हौस आणि धंदा यांत अंतर आहे, व आमच्या मते ते मुख्यतः वाळवणीचे आहे.

एक किलो खोबरेलास शुद्ध कॉस्टिक सोडा सुमारे 183 ग्रॅम लागतो. कातडीस जाच होऊ नये म्हणून तो शेकडा 5 कमी, म्हणजे 174 ग्रॅम घ्यावा. पाणी 350 ग्रॅम. सर्व काही काट्यावर तोलावे. सोडा पाण्यात घालावा. पाणी सोड्यावर कदापि ओतू नये, ते उसळून अंगावर येते. ॲल्युमिनियमचे भांडे सोडा खातो, म्हणून स्टेनलेस स्टीलचेच घ्यावे. हातमोजे, चष्मा व उघडी खिडकी यांवाचून हे काम करू नये. चाळीच्या खोलीत मुले वावरत असता तर मुळीच नाही. करंजेलास सोडा बराच कमी लागतो, तेव्हा तेल बदलले की हिशेबही नवा मांडावा.

आता वरील साहित्याचा ओला माल भरतो 1524 ग्रॅम. हौशी मनुष्य त्याच्या शंभर-शंभर ग्रॅमच्या पंधरा वड्या पाडतो व पंधरांची किंमत मनात धरतो. चार ते सहा आठवड्यांत पाणी उडून तीच वडी नव्वद ग्रॅमच्या आतबाहेर येते. वेष्टनावर 100 ग्रॅम छापले असेल तर तो वजनमापाच्या कायद्याचा भंग होय. म्हणून ओली वडी 115 ग्रॅमची कापावी. मग वड्या तेराच होतात. बहुतेकांचा नफा ह्या दोन वड्यांतच बुडतो! शिवाय दीड महिना फळी अडते व भांडवलही अडते. गिरगावातील खोलीत फळीचे मोल काय, हे तेथे राहणारासच ठाऊक.

परवान्याची गोष्टही आधीच पाहावी. अंगाचा साबण कायद्याने सौंदर्यप्रसाधनांत मोडतो; विक्रीसाठी तो करण्यास 2020 च्या नियमांप्रमाणे अन्न व औषध प्रशासनाचा परवाना हवा. राहत्या खोलीस तो मिळणे कठीण. परवानाधारक कारखान्यात आपला माल करवून घेण्यासाठी नियमांत निराळा परवाना आहे. चाळीतल्या उद्योगास तोच मार्ग आम्हांस बरा वाटतो.

निसर्गास न दुखविणारा साबण म्हणून तो विकावयाचा, तर तेल कोणत्या गावचे हे वेष्टनावर लिहावे आणि वेष्टन कागदाचेच असावे. आयात पामतेल भरून वर निंबाचे पान छापणे ही लबाडी होय. उरलेले सोड्याचे पाणी मोरीत न ओतता झाकण लावून, नाव घालून पुढील घाणीस ठेवावे. कापताना निघालेला चुरा वितळवून धुण्याच्या वड्या कराव्यात.

खप मुख्यतः दिवाळीचा, अभ्यंगस्नानाचा. अनंत चतुर्दशीपासून नरक चतुर्दशीपर्यंत सुमारे साडेसहा आठवडे मिळतात. लालबागचे गणपती गिरगाव चौपाटीकडे निघण्यापूर्वी शेवटची घाणी फळीवर चढलेली असावी. पावसाळी हवेत वड्यांस घाम सुटतो व वाळण्यास अधिक दिवस लागतात, म्हणून मोठी घाणी श्रावणातच घालावी, आणि त्यासाठीचे खोबरेल गावाहून आषाढातच मागवावे.