उसाचे बिल, हंगामी पगार आणि बारा महिन्यांचे घर

वाचकहो, मी कापडाचा व्यापारी माणूस. शिक्षण उर्दू माध्यमातले, मराठी मी गिऱ्हाइकांच्या तोंडून आणि खतावणीच्या पानांवरून शिकलो. तेव्हा लिहिण्यात काही चूकभूल झाली तर सांभाळून घ्यावे. मात्र आज ज्या विषयावर लिहितो आहे तो मी पुस्तकात वाचलेला नाही, तीसेक वर्षे दुकानाच्या गादीवर बसून पाहिलेला आहे.

आमच्या सोमेश्वरनगरचा व्यवहार सोमेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या भोंग्यावर चालतो. दिवाळीच्या मागेपुढे गाळप सुरू झाले की नीरा डाव्या कालव्याच्या काठच्या वाड्यावस्त्यांवर पैसा खेळू लागतो. मार्च-एप्रिलपर्यंत पट्टा पडतो आणि बाजार शांत होतो. मुलांची शाळा मात्र जूनच्या मध्यावर उघडते. म्हणजे वह्या, दप्तर, गणवेश, फी आणि रेनकोट हा सगळा खर्च नेमका हात रिकामा असताना उंबऱ्यावर येऊन उभा राहतो. जानेवारीत साडीचा भाव न विचारणारी भाभी जूनमध्ये मुलाच्या चड्डीचे कापड हातात धरून हळूच म्हणते, "चाचा, खात्यावर लिहा ना." हे मी दरवर्षी ऐकतो. तिची मिळकत कमी आहे हे खरे, पण अर्धी अडचण मिळकतीची नसते, महिन्यांच्या हिशेबाची असते.

एक उदाहरण घेऊ. समजा एक हंगामी कामगार आहे. हंगामाच्या पाच महिन्यांत त्याच्या हाती दरमहा २६,००० रुपये येतात. उरलेल्या सात महिन्यांत भत्ता आणि मिळेल ती मजुरी धरून १०,००० रुपये पडतात. वर्षाचे झाले दोन लाख, म्हणजे महिन्याला साधारण १६,६०० रुपये. हा त्याचा खरा पगार. पण घर चालते २६,००० च्या हिशेबाने, कारण हंगामात तेवढे दिसतात. त्याने घरात दरमहा १६,५०० रुपयेच द्यायचे ठरवले, तर पाच महिन्यांत ४७,५०० रुपये बाजूला पडतात. पुढच्या सात महिन्यांची तूट आहे ४५,५०० रुपये. तूट भरून वर दोन हजार उरतात. यात नवीन मिळकत एक पैशाचीही नाही.

ऊसवाल्या बांधवांची चूक निराळी आहे, आणि मला वाटते जास्त घातक आहे. आडसाली ऊस जून ते ऑगस्टमध्ये लावला की तुटायला सोळा ते अठरा महिने लागतात. समजा एकराला ४० टन निघाले आणि तोडणी-वाहतूक वजा जाऊन टनाला ३,००० रुपये हाती आले, तर बिल १,२०,००० रुपयांचे. बेणे, खत, पाणीपट्टी, मशागत याचे ४५,००० काढले तर उरले ७५,०००. शेतकरी याला बाराने भागतो आणि महिन्याला ६,२५० रुपये मिळाले असे समजतो. भागायला हवे अठराने. मग येतात ४,१६६ रुपये. हा दोन हजारांचा फरक दर महिन्याला घरात भोक पाडतो, आणि माणूस म्हणतो की बरकत राहिली नाही.

त्यातही बिल एकदम मिळेलच असे नाही. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याजासह. प्रत्यक्षात महाराष्ट्रात हप्त्यांची रीत वर्षानुवर्षे चालली. म्हणून पुढच्या हप्त्याच्या भरवशावर आज उधार करू नये. जो हप्ता खात्यात जमा झाला तोच आपला.

आता उधारीविषयी बोलतो, कारण यात मी स्वतः पोळलेलो आहे. २०१२-१३ चा दुष्काळ सर्वांना आठवत असेल. कालव्याखालच्या गावांचे कसेबसे निभावले, पण माझी बरीच गिऱ्हाइके जिरायती भागातली. त्यांच्याकडे प्यायला पाणी टँकरने यायचे, ती माझी उधारी कुठून देणार? त्याच वर्षी मुलीच्या कॉलेजची फी आली. मी पुण्याच्या ठोक व्यापाऱ्याला द्यायचे पैसे गल्ल्यातून काढून तिकडे भरले. पुढे तो व्यापारी दारात येऊन बसला तेव्हा माझ्याकडे ना माल होता ना रोकड. दोष त्याचा नव्हता. दुकानाचा गल्ला आणि घराचा डबा मी एकच समजलो होतो. शेवटी घरच्या बाईने पाटल्या काढून दिल्या. त्या दिवसापासून मी दुकानातून घरासाठी महिन्याला ठरावीक रक्कम घेतो आणि रोजमेळात 'घरखर्च' म्हणून लिहितो. घरचा हिशेब माझी बायको ठेवते, आणि खरे सांगायचे तर माझ्यापेक्षा चोख ठेवते.

सावकाराकडे जाणाऱ्यांना एवढेच सांगेन की 'शेकडा तीन' हा शब्द लहान वाटतो, पण तो महिन्याचा असतो. १०,००० रुपयांवर वर्षाला ३,६०० रुपये नुसते व्याज, मुद्दल जागेवरच. व्याज आपल्यासाठी निषिद्ध आहे हे तर आहेच, नुसत्या व्यापारी हिशेबानेही तो सौदा बुडीत आहे. शिवाय २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याप्रमाणे परवाना नसलेल्याने सावकारी करणे गुन्हा आहे. कोरा कागद किंवा कोरा चेक कुणालाही सही करून देऊ नये, मग तो कितीही जवळचा असो.

त्यापेक्षा ओळखीच्या बारा जणांची साधी भिशी बरी. महिन्याला हजार, एकाला बारा हजार, व्याज नाही, लिलाव नाही. फक्त ज्याच्या घरी शाळेत जाणारी मुले आहेत त्याने आपला नंबर मे महिन्यात मागून घ्यावा. लिलावाच्या भिशीत गरजवंत आधी उचलतो आणि तोच कमी घेऊन जातो, म्हणून मी त्यापासून लांब राहतो.

सरकारी सवलतींची लाज धरू नये. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ प्रमाणे प्राधान्य कुटुंबाच्या रेशनकार्डावर माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळते, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. पाच माणसांचे २५ किलो झाले. काही जण तेच धान्य फेरीवाल्याला मातीमोल भावाने विकतात आणि दुकानातून भारी तांदूळ आणतात. याला काय म्हणावे! सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत पाठ्यपुस्तके मोफत मिळतात. शाळेला जाणाऱ्या मुलींना बारावीपर्यंत एस.टी.चा पास मोफत आहे. तेव्हा पासाचा खर्च परवडत नाही म्हणून मुलीची शाळा सोडवली, हे कारण माझ्यापुढे कुणी सांगू नये. गावातच मु. सा. काकडे महाविद्यालय आहे. पदवीपर्यंतचे शिक्षण घरची भाकरी खाऊन होत असेल, तर पुण्यातली खोली आणि मेस यांचा खर्च पुढच्या शिक्षणासाठी राखता येतो.

आता माझ्या धंद्याचे थोडे, जे सांगून माझीच विक्री कमी होईल. शाळकरी वयात मूल वर्षाला दोन ते अडीच इंच वाढते. म्हणून गणवेश शिवताना पँटच्या आणि बाहीच्या दुमडीत अडीच इंच माया ठेवायला शिंप्याला सांगावे. पुढच्या जूनला टाके उसवले की तीच पँट पुन्हा पुरते. तयार गणवेशात ही माया नसते, स्वस्त वाटतो आणि वर्षात आखूड होतो. सुती कापड शिवण्याआधी एक रात्र पाण्यात भिजवून वाळवावे, म्हणजे नंतर आटत नाही. कापडाचा पन्ना विचारल्याशिवाय भाव करू नये. ३६ इंच पन्न्याचा मीटर स्वस्त दिसतो, पण ५८ इंच पन्न्याचे कापड कमी लागते आणि बहुतेक वेळा तेच किफायतशीर पडते. दोन भावांचे शर्ट एकाच ताग्यातून घ्यावेत. मोठ्याची कॉलर विरली तर उलटवून लावता येते, आणि धाकट्याला शर्ट उतरला तरी रंग जुळतो.

मुलांपासून घरची परिस्थिती लपवू नये असे माझे मत आहे. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला किराण्याची यादी आणि पैसे देऊन पाठवावे आणि उरलेल्या पैशांचा हिसाब त्याच्याकडूनच लिहून घ्यावा. माझ्या एका गिऱ्हाइकाची सातवीतली मुलगी गेल्या वर्षी आईबरोबर गणवेशाला आली होती. आईने दुपट्ट्याचे भारी कापड उचलले, तर मुलगी म्हणाली, "अम्मी, हे वहीत बसत नाही." त्यांनी साधे कापड घेतले, रोख पैसे मोजले आणि खात्यावरचे जुने तीनशे रुपयेही देऊन टाकले. मी त्या पानावर रेघ मारून खाते बंद केले.