एकत्र बसणे आणि एकत्र राबणे

निरनिराळ्या जातींची मुले एका पंगतीस बसविली की त्यांच्या मनांतील अंतर आपोआप मिटते, असा समज पुष्कळ शिक्षकांचा असतो. सामाजिक मानसशास्त्राचा अनुभव निराळा आहे. १९५४ साली मुझफर शेरीफ यांनी अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात २२ मुलांचे दोन गट करून छावणी भरविली. सामन्यांची चुरस लागताच शिवीगाळ झाली, झेंडे जाळले गेले. मग दोन्ही गट एकत्र जेवावयास बसविले, तर मुलांनी अन्नच एकमेकांवर फेकले! वैर ओसरू लागले ते पाणी बंद पडल्यावर, अडलेली मोटार सर्वांनी मिळून दोराने ओढल्यावर, तेही हळूहळू.

त्याच वर्षी गॉर्डन ऑलपोर्ट यांनी पूर्वग्रह कमी होण्यास समान दर्जा, समान ध्येय, सहकार्य व वरिष्ठांचा पाठिंबा आवश्यक मानला.

साताऱ्यास ही उदाहरणे दूरची वाटू नयेत. काले येथे १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, जेवत व श्रमही करीत. १९२७ साली गांधीजींनी ते पाहिले.

मात्र समान दर्जाची अट शाळेत सहज निसटते. केरसुणी नेहमी ठराविक मुलांच्या हाती आणि हजेरीपट नेहमी दुसऱ्यांच्या हाती असेल, तर काम एकत्र होऊनही उच्चनीचताच शिकविली जाते. पाळीचा तक्ता भिंतीवर लावावा. झाडणे, पाणी भरणे व गटप्रमुखपद त्यात प्रत्येकाच्या वाट्यास यावे. पालकाची तक्रार आल्यास तक्ता बदलू नये.