चिखलातला ताप

भातलावणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात उभे राहण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला पायाची भेग आणि अंगातली कणकण यांचे अप्रूप कसले वाटावे? सिंधुदुर्ग जिल्ह्यातील माझ्या थोरल्या चुलतभावाला आषाढात ताप भरला, तेव्हा घरात कोणालाही त्यात वावगे दिसले नाही. पोटऱ्यांना नुसता हात लागला तरी दादा कळवळे. डोळे लालबुंद झाले होते, पण त्यांना चिपडे येत नव्हती. आणि हे सारे आम्ही श्रमाच्या खाती जमा केले. पुढे ताप उतरला, दादा पुन्हा शेतात गेला, आणि थोड्याच अवधीत त्याचे डोळे पिवळे पडून लघवी जवळजवळ बंद झाली. काविळीचा झाडपाला देण्यात आणखी वेळ मोडला. अखेर इस्पितळात डायलिसिस करावे लागले, तेव्हा कोठे तो वाचला.

तो लेप्टोस्पायरोसिस होता. याच्या तीव्र रूपाचे वर्णन १८८६ साली एडॉल्फ वाइल या जर्मन वैद्याने केले होते. मळसूत्रासारखे वळणदार असलेले या रोगाचे जंतू उंदराच्या मूत्रपिंडात वस्ती करतात, त्याच्या मुतातून पाण्यात उतरतात, आणि कातडीवरील भेगेतून किंवा डोळ्यातोंडाच्या नाजूक त्वचेतून माणसाच्या रक्तात शिरतात. गुरे, डुकरे व कुत्रीही त्यांचे वाहक असतात. संसर्गानंतर बहुधा पाच ते चौदा दिवसांनी ताप येतो. रक्तातून सर्वांगी फिरताना हे जंतू सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा करतात; म्हणूनच यकृत, मूत्रपिंड आणि फुप्फुस यांवर एकाच वेळी घाला पडू शकतो. मधेच ताप उतरतो, तो रोग गेला म्हणून उतरतो असे नव्हे; अवयवांची खरी हानी कित्येकदा त्यानंतरच उघड होते.

हे संकट केवळ शेतकऱ्याचे नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि त्या पुरानंतर मुंबईतही लेप्टोची साथ पसरली.

म्हणून कळकळीने सांगतो: चिखलापाण्यात वावरल्यानंतर ताप आला, तर ती हकीकत डॉक्टरांना आपण होऊन सांगावी, त्यांनी विचारण्याची वाट पाहू नये. पहिल्या आठवड्यात प्रतिपिंडांची तपासणी निर्दोष दिसू शकते, तेव्हा तेवढ्यावर निर्धास्त राहू नये. संशय बळकट असेल तर डॉक्टर अहवालासाठी न थांबता डॉक्सिसायक्लिन किंवा पेनिसिलीन सुरू करतात, आणि ती औषधे जितकी लवकर दिली जातील तितकी गुणकारी ठरतात. वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत. त्यातल्या अनेक मूत्रपिंडाला जाचक असतात. पायाला जखम असल्यास ती झाकून गमबूट घालावेत, काम संपताच पाय साबणाने धुवावेत, आणि धान्य व उष्टेखरकटे यांचा असा बंदोबस्त ठेवावा की उंदरांना घरात थारा मिळू नये. लघवी कमी होणे, डोळे पिवळे पडणे, धाप लागणे किंवा थुंकीतून रक्त येणे, यांपैकी एकही लक्षण दिसले तर रात्र असो वा पाऊस असो, रोग्याला तडक इस्पितळात न्यावे. लावणी चार दिवस लांबली तर पीक उणे येईल; इलाज लांबला तर माणूस जाईल.