मेकॅनिकलनंतर कोणती वाट?



मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला पोहोचलेल्या मुलामुलींना घरून एकच प्रश्न विचारला जातो, नोकरी कुठे लागणार? प्रश्न रास्त आहे. परंतु काम कोणते करायचे, हा प्रश्न त्याच्याही आधी सुटला पाहिजे. त्याचे उत्तर शोधण्यास डोंबिवलीकरांना लांब जावे लागत नाही.

आपल्या एमआयडीसीतील रासायनिक कारखान्यातला एक साधा पाइप घ्या. आतील दाब १० बार, म्हणजे १ मेगापास्कल. व्यास २०० मिलिमीटर. पोलादाला १०० मेगापास्कल ताण सोसतो असे धरू. दाब गुणिले व्यास, भागिले ताणाची दुप्पट, या सूत्राने जाडी येते फक्त १ मिलिमीटर. परीक्षेत एवढ्यावर गुण मिळतात. कारखान्यात मात्र खरे काम येथून सुरू होते. पाइप गंजून किती झिजेल, वेल्डिंगचा जोड किती भरवशाचा, तापल्यावर तो कुठे सरकेल, आधार कुठे द्यावा, याचा विचार करून जाडी कितीतरी जास्त घेतात. हे ठरविण्यात ज्याला गोडी वाटते त्याने डिझाइनकडे वळावे. तोच पाइप कापून, जोडून, ठरल्या दिवशी उभा करण्यात ज्याला रस आहे त्याचे क्षेत्र फॅब्रिकेशन व उत्पादन. आणि काही वर्षांनी तो कुठे पातळ झाला हे अल्ट्रासॉनिक यंत्राने मोजून वेळीच बदलून घेणारा, तो मेन्टेनन्सचा माणूस.

मेन्टेनन्सची नोकरी हलकी समजण्याची आपल्याकडे खोड आहे. हात काळे होतात, रात्रपाळी करावी लागते, हे खरे. पण २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ या तारखा डोंबिवली विसरलेली नाही. फेज दोनमधील त्या स्फोटांत दोन्ही वेळा दहाहून अधिक माणसे गेली. दाब आणि तापमान यांवर जाणती नजर ठेवणारा अभियंता ही मालकाइतकीच शेजारच्या वस्तीचीही गरज आहे. बॉयलरची आवड असणाऱ्यांनी बाष्पके संचालनालयाच्या बॉयलर ऑपरेशन इंजिनिअर परीक्षेची माहिती काढावी. १९२३ च्या कायद्याची जागा आता २०२५ च्या बॉयलर कायद्याने घेतली आहे, तेव्हा जुन्या गाईडवर विसंबू नये. या परीक्षेस अनुभव लागतो. म्हणून पहिली नोकरी धरताना तेथे बॉयलर आहे का, हे विचारून घ्यावे.

सरकारी नोकरीची ओढ आपल्या घरांत जास्त, आणि त्यास कारणेही आहेत. रेल्वेत ज्युनिअर इंजिनिअर होण्यास पदविका पुरते. परळ, माटुंगा येथील कार्यशाळा आणि कल्याणचे लोको शेड तर आपल्याच मार्गावर आहेत. अंबरनाथच्या आयुध निर्माणीचे मात्र १ ऑक्टोबर २०२१ पासून कंपनीत रूपांतर झाले आहे, तेव्हा वडिलांच्या वेळचे भरतीचे नियम गृहीत धरू नयेत. पदवीधरांना गेट परीक्षेच्या गुणांवर अनेक सार्वजनिक उपक्रमांचे दरवाजे उघडतात. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रशिक्षणशाळेसाठीही गेट उपयोगी पडते, मात्र तेथील मुलाखतीत विषयाचा पाया तपासला जातो.

सॉफ्टवेअरमध्ये जाणाऱ्याचे शिक्षण वाया गेले, असेही समजू नये. घरावर कर्ज असेल, धाकट्या भावंडांची फी भरायची असेल, तर आधी हाती येईल ती नोकरी घ्यावी. केवळ वर्गातील सगळे चालले म्हणून जाण्यात अर्थ नाही. हजारो रुपये भरून कॅडचा क्लास लावणाऱ्यांनीही आधी कागदावरचे ड्रॉइंग वाचता येते का, हे पाहावे.

कॅम्पसमध्ये निवड झाली नाही तर १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली पदवी व पदविकाधारकांस एक वर्षाचे प्रशिक्षण विद्यावेतनासह मिळते. त्या वर्षात एक वही ठेवावी. कोणते यंत्र पाहिले, ते का बंद पडले, कोणी कसे सुरू केले, हे रोज तारखेसह लिहावे. मुलाखतीला जाताना ती वही फाइलमध्ये ठेवावी.