खाऱ्या हवेतला गेमिंग लॅपटॉप

प्रवेशफेरीची यादी लागली की अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनकडच्या घरांत एक विषय हमखास निघतो. मुलगी सांगते, "बाबा, कॉलेजला गेमिंग लॅपटॉपच लागतो." बाबांच्या कानात फक्त "गेमिंग" हा शब्द राहतो. मग किंमत निघते, पाऊण लाखापासून दीड लाखाच्याही पुढे, आणि वाडीच्या उत्पन्नावर किंवा होडीवर चालणारं घर गप्प होतं.

गैरसमजाचं मूळ त्या नावातच आहे. अशा लॅपटॉपमध्ये मुख्य प्रोसेसरशिवाय वेगळं ग्राफिक कार्ड असतं. ते हजारो छोटी गणितं एकाच वेळी सोडवतं. खेळातलं दृश्य याच गणितांतून उभं राहतं. ॲनिमेशनची फ्रेम तयार होते तीही याच गणितांतून, आणि मशीन लर्निंगचं मॉडेल शिकतं तेही. त्यामुळे मुलांची मागणी हट्टाचीच असते असं नाही. मात्र ती प्रत्येक अभ्यासक्रमाला लागू पडत नाही, आणि घरातल्या वादात नेमकं हेच बोलायचं राहून जातं.

माणगाव तालुक्यातल्या लोणेऱ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, 1989 पासूनचं. तिथे किंवा कुठल्याही अभियांत्रिकी महाविद्यालयात पहिल्या वर्षी गणित, भौतिकशास्त्र, प्राथमिक प्रोग्रामिंग, अभियांत्रिकी चित्रकला असे विषय असतात. एवढ्याला साधा लॅपटॉप आणि कॉलेजची लॅब पुरते. शक्य असेल त्या घराने महागडी खरेदी वर्षभर लांबवावी. तोवर शाखेची खरी गरज कळते, वरच्या वर्गातल्या मुलांना विचारता येतं, आणि आज नवं असलेलं मॉडेल बहुधा स्वस्त झालेलं असतं.

दुसऱ्या वर्षी वाटा फुटतात. सिव्हिल आणि मेकॅनिकलच्या मुलांना ऑटोकॅड, रेव्हिट, सॉलिडवर्क्स लागतात. ऑटोकॅडचं बरंचसं काम प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चालतं. म्हणून तिथे वेगवान प्रोसेसर, 16 जीबी रॅम आणि चांगली एसएसडी यांवर पैसे घालावेत. कार्ड मधल्या दर्जाचं चालतं. रेव्हिट आणि सॉलिडवर्क्स विंडोजसाठीच बनलेले आहेत, म्हणून मॅकबुकचा मोह इथे टाळलेला बरा. ऑटोडेस्क विद्यार्थ्यांना आपली सॉफ्टवेअर शिक्षणासाठी मोफत देते, हेही बजेट मांडताना लक्षात घ्यावं.

कॉम्प्युटर किंवा एआय शाखेत गणित बदलतं. तिथली बहुतेक साधनं एनव्हिडियाच्या कुडा या प्रणालीवर बेतलेली असतात आणि कार्डाची स्वतःची मेमरी कळीची ठरते. एनव्हिडियाच्याच आरटीएक्स 4050 या कार्डाला 6 जीबी मेमरी मिळते, 4060 ला 8. त्याहून महाग 4070 लाही लॅपटॉपमध्ये 8 जीबीच आहे. नव्या मालिकेतल्या 5060 आणि 5070 यांचंही तसंच. 12 जीबी हवी तर 5070 टीआयपर्यंत जावं लागतं. म्हणजे 4060 वरून 4070 वर गेल्याने वेग थोडा वाढतो, पण मेमरीत न मावणारं मॉडेल तरीही मावत नाही. गुगल कोलॅबवर मर्यादित वेळेसाठी मोफत कार्ड वापरता येतं, आणि पदवीचे अनेक छोटे प्रकल्प त्यावर पार पडतात. चांगलं इंटरनेट असलेल्या घराने आधी ते वापरून पाहावं.

पेणचं उदाहरण इथे मुद्दाम घ्यायला हवं. पेण, हमरापूर, जोहे या पट्ट्यात गणेशमूर्तींचे कारखाने आहेत. लहानपणापासून शाडूला हात लागलेली तिथली मुलं आता संगणकावर मूर्ती घडवू पाहतात, आणि ही फार आशेची गोष्ट आहे. अंगात शिल्पाची समज असलेला विद्यार्थी त्रिमितीय कलेच्या क्षेत्रात इतरांच्या चार पावलं पुढे असतो. पण त्याच्यासाठी सर्वांत महागडं कार्ड घेण्याची गरज नाही. डिजिटल शिल्पकलेत नावाजलेलं झीब्रश मुख्यतः प्रोसेसर आणि रॅमवर चालतं. कार्ड कामाला येतं ते पुढे, ब्लेंडरमध्ये रेंडरिंग करताना. आणि ब्लेंडर मोफत आहे. अशा मुलाने 4060 ऐवजी 4050 घ्यावं आणि वाचलेल्या पैशांत 32 जीबी रॅम व पेन टॅब्लेट बसवावा. स्क्रीन मात्र पारखून घ्यावी. स्वस्त गेमिंग लॅपटॉपच्या माहितीपत्रकात रंगक्षमतेपुढे बहुधा "45 टक्के एनटीएससी" असं लिहिलेलं असतं. त्या स्क्रीनवर शेंदरी आणि लाल यांतला फरक नीट उमटत नाही. "100 टक्के एसआरजीबी" असेल तर रंगाचं काम करता येतं.

आता दुकानातली तुलना. आसूस टफ, लेनोवो एलओक्यू, एचपी व्हिक्टस, एसर नायट्रो, एमएसआय... सगळ्यांच्या खोक्यावर एकच कार्ड छापलेलं दिसतं आणि ग्राहक स्वस्तातलं उचलतो. इथेच मोठी फसगत होते. त्याच कार्डाला किती वॉट वीज द्यायची हे प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळं ठरतं. आरटीएक्स 4060 एमएसआयच्या पातळ सायबॉर्ग 15 मध्ये 45 वॉटवर चालतं आणि आसूसच्या टफ ए15 मध्ये 140 वॉटपर्यंत जातं. नाव एक, काम वेगळं. पातळ मशीन वाईट असतं असं नाही. रोज एसटीने ये-जा करणाऱ्याला हलकं ओझं मोलाचं वाटेल. पण हा आकडा विचारल्याशिवाय दोन किमतींची तुलना करू नये. ताकदवान मशीनचं वजन सव्वादोन-अडीच किलो, वर अडॅप्टर अर्ध्या किलोहून जड, हेही हातात धरूनच पाहावं.

गेम खेळण्यातच करिअर करायचं म्हणणाऱ्या मुलालाही झिडकारू नये. 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्सला पदकं होती. पण भारतातल्या या स्पर्धांचा मोठा भाग मोबाइलवर खेळला जातो, आणि त्यातून पोट भरणारे खेळाडू मोजकेच. गेम बनवण्याच्या कामाला मात्र चित्रकार, प्रोग्रामर, ध्वनी-संयोजक, लेखक असे अनेक हात लागतात. मुलाला यातलं काय करायला आवडतं, हे सुट्टीत ब्लेंडर किंवा गोडो हे मोफत गेम इंजिन घरच्या जुन्या संगणकावर शिकताना कळू लागतं.

किनाऱ्याचा प्रश्न पुण्या-मुंबईच्या परीक्षणांत सापडत नाही. समुद्रावरच्या वाऱ्यात मिठाचे कण असतात. गेमिंग लॅपटॉपचे पंखे ती हवा जोरात आत ओढतात, आणि पोर्ट, सर्किट, धातूचे सांधे गंजू लागतात. म्हणून समुद्राकडच्या खिडकीपाशी टेबल नको, बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या असाव्यात आणि पावसाळा सरला की आतली सफाई करून घ्यावी. गंज किंवा पाण्याने झालेलं नुकसान साध्या वॉरंटीत सहसा बसत नाही. त्यामुळे अपघाती नुकसानीचं संरक्षण घेताना त्यात काय येतं ते वाचून घ्यावं, आणि आपल्या पिनकोडवर कंपनीचा माणूस घरी येतो का, हे पैसे देण्याआधी विचारावं. मुरूडहून मशीन घेऊन पनवेलच्या फेऱ्या मारणं परीक्षेच्या दिवसांत परवडत नाही.

विजेचंही तसंच. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा श्रीवर्धन, मुरूड, म्हसळ्याच्या कितीतरी गावांत दिवसेंदिवस अंधार होता. एरवीही पावसात वीज जाते. असा लॅपटॉप बॅटरीवर पूर्ण ताकद लावत नाही, आणि 230 वॉटचा अडॅप्टर इन्व्हर्टरवर लावला तर तीन पंख्यांइतका भार पडतो. घरातलं अर्थिंग तपासणं आणि सर्ज प्रोटेक्टर घेणं हा खरेदीचाच भाग समजावा. विद्यार्थी घरूनच शिकणार असेल तर डेस्कटॉपचाही विचार करावा: तेवढ्याच पैशांत जास्त ताकद मिळते आणि बिघडलेला सुटा भाग जवळच बदलता येतो.

पैशांची जुळणी करताना दुकानाच्या हप्त्याआधी बँकेत विचारावं. इंडियन बँक्स असोसिएशनच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत अभ्यासक्रमासाठी आवश्यक संगणकाचा वाजवी खर्च धरता येतो. कर्ज मागतानाच दरपत्रक जोडावं.

खरेदीला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जायचं तर पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात, पण मांडव्याहून भाऊच्या धक्क्याला रो-रो मिळते. दुकानातच खोकं उघडावं, अनुक्रमांक बिलाशी जुळवावा, पांढऱ्या आणि काळ्या पडद्यावर मेलेले ठिपके शोधावेत, पंख्यांचा आवाज ऐकावा आणि वॉरंटीची नोंदणी तिथेच करून घ्यावी. मग मशीन प्लॅस्टिकमध्ये नीट गुंडाळून, सामानात न टाकता, मांडीवर घेऊन परतावं.