दुर्बीण नसली तरी आकाश आहे

प्रश्न : मुलगी आठवीत आहे. तिला तारे आणि कोडिंग, दोन्हींची ओढ आहे. घरी दुर्बीण नाही, संगणकही नाही. सुरुवात कशी करावी?
– एक आई, बोईसर

उत्तर : ताई, गच्चीवरून सुरुवात करा. कोनमापकाला दोरा आणि वजन बांधून तिला ध्रुवताऱ्याची उंची मोजू द्या. ती सुमारे २० अंश येईल. बोईसरचा अक्षांशही जवळपास तेवढाच आहे. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी उभ्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. रोज सावली मोजून तो दिवस तिनेच शोधावा.

याच नोंदींचा आलेख शाळेतल्या संगणकावर पायथन या कोडिंगच्या भाषेत काढता येतो. पायथन मोफत आहे. पुढे शिक्षकांसह गट करून ‘इंटरनॅशनल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सर्च कोलॅबरेशन’च्या विनाशुल्क मोहिमेत भाग घ्या. त्यात विद्यार्थी हवाई बेटांवरील पॅन-स्टार्स दुर्बिणीच्या छायाचित्रांत सरकणारे ठिपके, म्हणजे लघुग्रह, शोधतात.

रात्र झाली म्हणून तिला घरात बोलावू नका, तुम्हीच तिच्यासोबत गच्चीवर बसा. विज्ञान काही दूर नाही; शेजारच्या तारापूरला १९६९पासून अणुवीज तयार होते. असे वैज्ञानिक काम आपणही करू शकतो, हा विश्वास मुलीला घरातूनच मिळायला हवा.