सरबत ठेवलं कशात?

आमच्या गावच्या जत्रेत, ऐन चैत्रातल्या उन्हात पालखीबरोबर चालणाऱ्यांना लिंबू सरबत वाटतात. एका वर्षी मंडळींनी हौसेने जुनं पितळी पिंप काढलं, चिंचेने घासून लख्ख केलं आणि सकाळची घाई नको म्हणून रात्रीच सरबत करून त्यात भरून ठेवलं. पहिल्याच घोटाला जिभेवर धातूची कडसर चव आली आणि मी पेला खाली ठेवला. तहानेच्या भरात ज्यांनी दोन-दोन पेले रिचवले, त्यांना थोड्याच वेळात मळमळून उलट्या सुरू झाल्या. त्यांना ऊन लागलं असं समजून तेच सरबत पुन्हा पाजायला निघालेलेही होते! पिंप उपडं केलं तेव्हा कळलं, आत कल्हईचा मागमूस नव्हता.

चिंचेने पितळ चकचकीत का होतं? आंबट धातूला खातं म्हणून. लिंबाचा रस तर चांगलाच जहाल, सामू दोन-अडीचच्या आसपास. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. रात्रभरात दोन्ही सरबतात उतरतात. तांब्याच्या भांड्यातलं साधं पाणी वेगळं आणि लिंबू पिळलेलं वेगळं, हे हल्ली तांब्याच्या बाटल्या मिरवणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावं. अॅल्युमिनियमचं पातेलंही नकोच. काच, चिनी माती किंवा चांगलं स्टील घ्या.

दुसरी गोष्ट वेळेची. पिळलेला रस तासन्‌तास ठेवला की कडवट होतो, आणि बिया चिरडल्या किंवा सालीपर्यंत जोर लावून पिळलं तर आणखीच. म्हणून मी आदल्या दिवशी फक्त साखरेचा पाक करून ठेवते. आयत्या वेळी लिटरभर माठातल्या पाण्यात गोडीपुरता पाक, अर्धा चहाचा चमचा मीठ, चिमूटभर भाजलेल्या जिऱ्याची पूड, आणि सगळ्यात शेवटी तीन-चार कागदी लिंबं. केशर-वेलची पाहुण्यांसाठी.

सरबताने तरतरी येते ती पाणी, मीठ आणि साखरेमुळे. लिंबू क जीवनसत्त्व देतं, चव आणतं, चार घोट जास्त प्यायला लावतं. ‘नैसर्गिक ऊर्जा’ म्हणून त्याच्या नावावर जे खपवलं जातं, त्यातली बहुतेक साखरेची असते. मधुमेह असेल तर साखर आणि रक्तदाब असेल तर मीठ, डॉक्टरांना विचारूनच.

जुलाब लागले असतील तर मात्र अंदाजपंचे नको. लिटरभर स्वच्छ पाण्याला सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे माप मोडायचं नाही. मेडिकलमधली जलसंजीवनीची पुडी मिळाली तर तीच उत्तम.

ढीगभर लिंबं पिळल्यावर हात साबणाने धुऊनच उन्हात जा. सालीतला रस कातडीवर राहिला आणि ऊन लागलं, तर भाजल्यासारखे फोड येतात आणि काळे डाग महिनोन्‌महिने जात नाहीत. सरबत प्यायल्यावर साध्या पाण्याने चूळ भरा. लगेच दात घासू नका.

आणि उन्हातून आलेला माणूस बरळत असेल, शुद्ध हरपत असेल, तर त्याच्या तोंडात सरबत ओतू नका. सावलीत न्या, अंगावर गार पाणी मारा, वारा घाला आणि १०८ला फोन लावा.